वर्डप्रेस म्हणून ४२ हजार घेतले आणि टोपी घातली

आमची देवगडला आंब्याची छोटी बाग आहे, हापूसच्या पेट्या मुंबई-पुण्याला थेट घरपोच देतो. दोन वर्षांपूर्वी वाटलं आपली पण वेबसाईट पाहिजे, ओळखीतून एकजण मिळाला, म्हणाला दादा वर्डप्रेसमध्ये (म्हणजे साईट बनवायचं एक सॉफ्टवेअर) कस्टम करून देतो, सगळं कोडिंग हाताने, भाव बदलायचा असला तर तुमचा तुम्ही बदला. ४२,००० एकदा आणि वर्षाला १२,००० सर्व्हर मेंटेनन्स. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, दिले.

साईट चार दिवसात तयार! तेव्हाच शंका यायला हवी होती. दिसायला झकास होती, खोटं कशाला बोलू. पण लॉगिन मागितलं की "सिक्युरिटीसाठी माझ्याकडेच राहू दे, भाव व्हॉट्सअ‍ॅप करा". अहो हापूसचा भाव मार्चात एक, मेमध्ये एक, आणि हा तीन-तीन दिवस मेसेज बघायचा नाही, मे उजाडला तरी साईटवर मार्चचाच भाव, कोण फोन करणार?

यंदा म्हणाला १२ चे १८ झाले. नेमका शिमग्याला पुण्याचा भाचा आलेला, आयटीतला. त्याने लॅपटॉपवर साईट उघडून कंट्रोल आणि यू दाबलं, आतला कोड बघून हसायलाच लागला. वर्डप्रेसची साईट असली की आत बहुतेक ठिकाणी डब्ल्यूपी-कंटेंट असं दिसतं म्हणे, इथे पानभर विक्सस्टॅटिक. म्हणजे ती विक्स नावाच्या साईट बिल्डरवर केलेली. (मला आधी सर्दीचा बामच आठवला.) तयार टेम्प्लेट घ्यायचं, फोटो ओढून टाकायचे, झाली साईट. आणि वर्डप्रेस तर २००३ पासून फुकटच आहे, होस्टिंग (साईट ठेवायची जागा) आणि डोमेन (साईटचा पत्ता) यांचेच काय ते पैसे.

आता विक्स वाईट असं नाही हां. दहा फोटो, भाव आणि एक नंबर एवढंच लागत असेल तर तेच सोपं, वर्डप्रेसचे अपडेट, प्लगिन, बॅकअप कोण करत बसणार. फक्त विक्सवरची साईट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, मजकूर-फोटो कॉपी करून परत नवीनच बांधायची. वर्डप्रेसची फाईली आणि डेटाबेससकट कुठेही नेता येते. मी जास्तीचे पैसे याच्यासाठीच मोजले होते ना!

भाचा म्हणाला निदान ओनरशिप तरी माग, विक्समध्ये ती दुसऱ्या अकाउंटला देता येते. मागितली, तर हा म्हणतो १५,००० द्या. डोमेन पण त्याच्याच अकाउंटला, त्याच्याच ईमेलवर, म्हणजे दुकानाची पाटीसुद्धा आमची नाही. माझ्याकडे पावती अशी एकच, त्यावर नुसतं "वेबसाईट काम". वर्डप्रेस, डोमेन कोणाच्या नावावर, काही नाही. मी पैसे दिले नाहीत, एप्रिलात ऐन सीझनला त्याने साईट बंद केली.

नवीन डोमेन या वेळी माझ्या ईमेलवर, माझ्या यूपीआयने घेतलं, भाच्याने एका रविवारी साईट बिल्डरवरच साधी साईट केली, पासवर्ड माझ्या वहीत. फक्त पेटीच्या दोन हजार खोक्यांवर साईटचा जुना पत्ता छापून झालाय, आई रोज रात्री जेवण झालं की त्यावर स्टिकर चिकटवत बसते.