मागचे टायर १४ हजारांतच गोटा झाले: आठ महिन्यांचा हवेचा हिशोब

गाडीबद्दल नवीन काही सांगत नाही, रिअर व्हील ड्राइव्ह टर्बो सेडान, पुढे २२५/४० आर १८, मागे २५५/३५ आर १८, बाकीचे आकडे इथे नकोत. हे सगळं हवेबद्दल आहे. टायरमधल्या हवेबद्दल. गाडी घेऊन आठ महिने झाले आणि मागचे दोन्ही टायर १४ हजार किलोमीटरला संपले, म्हणून लिहायला बसलोय. संपले म्हणजे कसे, तर मधला पट्टा टायर संपल्याच्या १.६ मिमीच्या खुणेला टेकला आणि दोन्ही कडांना अजून ३ मिमीच्या वर रबर शिल्लक. ते शिल्लक रबर बघून जास्त जीव जळला, कारण त्याचे पैसे मी दिलेत आणि ते वापरता येत नाही.

आता मागे जातो. दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माझ्या गाडीला दोन रकाने आहेत. दोघं-तिघं बसणार असतील तर पुढे ३२ मागे ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), गाडी पूर्ण भरलेली असेल तर पुढे ३५ मागे ४१. मी नव्वद टक्के वेळा एकटाच असतो, म्हणून पहिला रकाना. टायरच्या बाजूला ५० पीएसआय छापलंय ते वरची मर्यादा म्हणून, तेवढी भरायची असं नाही, हे तरी मला माहीत होतं. म्हणजे अगदीच अडाणी नव्हतो. उलट मी तो माणूस आहे जो दर रविवारी सकाळी गाडी हलायच्या आधी चारही व्हॉल्वच्या टोप्या काढून हवा मोजतो आणि वहीत लिहितो.

मोजायचो कशाने, तर बारा व्होल्टच्या सॉकेटला लावायचा छोटा डिजिटल पंप. सगळ्यात स्वस्त होता तो घेतला. गाडीवर एवढा खर्च झाल्यावर हवेच्या पंपावर कशाला घालवायचे, हा विचार. पंप भरतो छान, आवाज मोठा करतो पण भरतो, आणि स्क्रीनवर दशांशाच्या पुढचा आकडाही दाखवतो. ३५.० असं स्वच्छ लिहून आलं की माणूस विश्वास ठेवतोच ना.

गाडी घरी आल्यावर पहिल्याच रविवारी पंपाने मागचे ३१ दाखवले. म्हटलं बघा, नवी गाडी देताना हवासुद्धा धड भरत नाहीत. ३५ केले. पुढेही ३२ वर आणले. आणि नियमाप्रमाणे स्क्रीनवर जाऊन टायर प्रेशरवाली सिस्टिम, म्हणजे हवा कमी झाली की दिवा लावणारी, रिसेट केली.

या सिस्टिमबद्दल मला मनापासून बोलायचंय. एवढी गाडी, शंभरचा वेग पाच सेकंदांच्या आत, आणि टायरमध्ये किती हवा आहे हे ती सांगत नाही. आकडाच नाही! चाकात सेन्सरच नाहीत. एबीएसचे, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे सेन्सर चाक किती फिरतंय ते बघतात, हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित कमी होतो, ते बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं, त्यावरून अंदाज बांधायचा. आणि तुलना कशाशी, तर तुम्ही रिसेट दाबलं तेव्हा जे होतं त्याच्याशी. म्हणजे चुकीची हवा भरून रिसेट दाबलं की गाडी तीच बरोबर धरून चालते आणि हिरवं चिन्ह दाखवत राहते. मी दर रविवारी न चुकता ती चुकीची हवा गाडीला शिकवत होतो. डिझाइन करणाऱ्याने चार सेन्सरचे पैसे वाचवले, आणि दर चाकाच्या हवेचा आकडा दिसला असता तर माझे दोन टायर वाचले असते. यावर मी घरात इतकं बोललोय की आता कुणी उत्तर देत नाही.

पहिले चार महिने गाडी कडक वाटत होती. पुलावरच्या जोडांवरून जाताना मागचा भाग उडी मारायचा, ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दिला की ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक जागच्या जागी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकायचा. मी सगळ्यांना सांगत फिरलो की टायरच लाकडी आहेत, कंपनीने रबराचं मिश्रण स्वस्तात उरकलंय, पुढच्या वेळी दुसरे घ्यायचे. ते मी जाहीर मागे घेतो.

मग पहिली सर्व्हिस. गाडी परत आली, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तर मागे २८. डोकंच फिरलं. मी ३५ भरून दिलेली गाडी, सात पीएसआय कुठे गेले? फोन केला तर तिथला माणूस शांतपणे म्हणतो, "साहेब, तुमच्या गाडीत हवा खूप जास्त होती, आम्ही कमी केली." मी म्हटलं मी दर आठवड्याला मोजतो, वही दाखवू का. बराच वेळ वाद झाला. त्यांच्या फॉर्मवर तक्रारसुद्धा लिहून आलो, पेन दाबून.

सहा महिन्यांनी एक दिवस रेसच्या ट्रॅकवर गेलो. तिथे शेजारी एकजण हातात घड्याळासारखा काट्याचा गेज घेऊन फिरत होता, खाली हवा सोडायचं बटण असलेला. सहज म्हणून माझ्या मागच्या टायरला लावला. सकाळची वेळ, गाडी तासन्‌तास उभी, माझ्या वहीत ३५. काटा ३९ वर. म्हटलं तुमचा गेज बिघडलाय. तो हसला आणि आणखी दोघांकडून गेज आणले. ३९, ३९, ३८.५. तिघं एका बाजूला आणि माझा दशांशवाला पंप दुसऱ्या बाजूला. चारही चाकांना तेच, साडेतीन-चारचा फरक.

म्हणजे सहा महिने मी पुढे ३६ आणि मागे ३९ घेऊन हिंडत होतो. गाडी मिळाली तेव्हा हवा बरोबर होती. टायर लाकडी नव्हते, मी फुगवले होते. फुगलेल्या टायरचं मधलं पोट रस्त्याला टेकतं, कडा अधांतरी राहतात, आणि वर इंजिनचा सगळा जोर मागच्याच चाकांवर, म्हणून मागचे मधूनच गेले, पुढचे अजून अर्धे आहेत.

आणि सर्व्हिसवाला? अर्धा बरोबर निघाला. हवा जास्त होतीच. पण त्याने काय केलं, मी पंचवीस मिनिटं गाडी चालवत नेली, टायर गरम, आत ४३ वगैरे असणार, आणि त्याने गरम टायरमधून हवा सोडून स्टिकरचा ३५ आणला. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, गाडी निदान तीन तास उभी असेल तेव्हाचा. गरम असताना ३५ केलेला टायर सकाळी ३१-३२ ला उतरतो, तो माझ्या पंपाने २८ दाखवला. त्याची चूक तीन-चारची, माझी चारची, आणि दोघंही ठाम. त्याला फोन करून सॉरी म्हणालो नाही अजून. तक्रार मात्र मागे घेतली.

त्या दिवशी ट्रॅकवर आणखी एक धडा मिळाला. सगळ्यांचं ऐकून थंड असताना पुढे ३० मागे ३१ वर सुरुवात केली, चार फेऱ्या मारून पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) आलो तर सगळीकडे ३८-३९. आठ पीएसआय चढतात! आणि ते जाणवतं, चौथ्या फेरीला गाडी साबणावर चालल्यासारखी पुढून बाहेर जायला लागते. गरम असतानाच ३६ वर सोडलं आणि गाडी परत हातात आली. टायरच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग बाजूला वळतो तिथे, खडूची रेघ मारायची आणि फेरीनंतर ती कुठपर्यंत पुसली गेली ते बघायचं, ही युक्ती तिथेच शिकलो. रेघ साइडवॉलपर्यंत (टायरच्या बाजूच्या भिंतीपर्यंत) पुसली तर हवा कमी, खांद्यावर जशीच्या तशी राहिली तर जास्त. फुकटात होतं, म्हणून मला विशेष आवडलं.

पण घरी येताना हवा परत भरायची विसरलो. तसाच हायवेने आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही चाकांत २७-२८. कमी हवेत वेगाने चालवणं हे जास्त हवेपेक्षा वाईट, साइडवॉल दुमडत राहते, तापते आणि टायर फुटू शकतो. आणि आमची हिरव्या चिन्हाची सिस्टिम? गप्प. चारही टायर सारखेच उतरले की एकमेकांशी तुलना करून तिला काय कळणार. शिवाय अमेरिकेतल्या नियमातसुद्धा दिवा लागायची अट स्टिकरपेक्षा २५ टक्के कमी अशी आहे, म्हणजे ३५ च्या टायरला २६ पर्यंत थांबलं तरी नियमात बसतं. दिव्याच्या भरवशावर राहायचं असेल तर हे एवढं लक्षात घ्या.

आता काट्याचा बरा गेज घेतलाय आणि दोन महिने नीट वही चालू आहे. तापमान दहा अंशांनी बदललं की साधारण दीड-पावणेदोन पीएसआय इकडेतिकडे होतं, थंडी सुरू झाल्यावर हवा गळतेय असं वाटून दोनदा पंक्चर शोधलं, नव्हतंच. सकाळचं ऊन एका बाजूला पडत असेल तर त्या बाजूचे टायर दीड-दोनने जास्त दाखवतात, त्यांची हवा सोडायची नाही, सावलीत मोजायचं. नायट्रोजन भरून बघितला. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, राहिलेल्यासाठी पैसे मागतात. हवा कोरडी मिळते आणि जरा सावकाश उतरते एवढं खरं, पण जो दर रविवारी मोजतोच त्याला काय उपयोग. परत भरणार नाही.

रोजच्यासाठी पुढे ३३, मागे ३५ वर थांबलोय. पुढे एक वाढवल्याने स्टिअरिंग वळवल्यावर नाक पटकन आत येतं, ३५ करून बघितलं तर सुरुवात आणखी चटकन होते पण वळणाच्या मध्यावर पुढची पकड सुटल्यासारखी वाटते. मागे ३५ च्या खाली रस्त्यावर जात नाही, कितीही मऊ वाटलं तरी. चौघं आणि डिकीत सामान असेल तर गुपचूप दुसरा रकाना. जोडांवरची ती उडी गेली, ट्रॅक्शनचा दिवा ओल्यात अजून लागतो पण त्याला आता माझा उजवा पाय कारण आहे.

नवीन टायर तेच घेतले, ज्यांना लाकडी म्हणत होतो तेच. तीन हजार झालेत. परवा रबराच्या खाचांची खोली मोजली तर मध्ये ६.९ मिमी, बाहेरच्या कडेला ६.९, आतल्या कडेला ६.५. दोन्ही मागच्या चाकांना तसंच. हे हवेचं काम नाही, टो किंवा कॅम्बर, म्हणजे चाकांचे कोन, बघावे लागणार, शनिवारी अलाइनमेंटला नेतोय. त्याच सर्व्हिसमध्ये, कारण मशीन तिथेच चांगलं आहे.