विंडोज १० वाला जुना लॅपटॉप: तसाच ठेवायचा, लिनक्स टाकायचं की दुसरा घ्यायचा?

गेल्या दिवाळीपासून मला नातेवाईकांचा एकच फोन येतोय, "अरे, लॅपटॉपवर काहीतरी मेसेज येतोय, सपोर्ट संपला म्हणे, आता हा बंद पडणार का?" नाही पडणार. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणजे मशीन जसं चालत होतं तसंच चालतं, फक्त सिक्युरिटीचे फुकट अपडेट थांबले. लगेच काही होत नाही, पण त्याच लॅपटॉपवर नेट बँकिंग आणि रिटर्न भरणं चालू असेल तर असंच वर्षानुवर्षं ढकलत राहणं मला तरी पटत नाही.

डोंबिवलीच्या मावशीकडे हाच प्रश्न आला आणि तिथे एकाच लॅपटॉपवर तीन माणसं तीन कामं करतात, म्हणून त्यांचंच उदाहरण घेतो. काका दोन-चार दुकानदारांचं जीएसटी आणि इन्कम टॅक्स बघतात, म्हणजे टॅली आणि डिजिटल सिग्नेचरचं ते यूएसबी टोकन. मावशीला मेल, यूट्यूब आणि महिला मंडळाच्या नोटिसा मराठीत टाईप करायच्या असतात. आणि चिरंजीव व्हॅलोरंट खेळतात. लॅपटॉप २०१७ चा, प्रोसेसर आय५-७२००यू, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क. चालू करून चहा टाकायचा, चहा पिऊन होतो तेव्हा कुठे डेस्कटॉप हलायला लागतो.

आधी तो प्रोसेसरचा नंबर वाचायला शिका, सगळं त्यावर आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट मध्ये जा. इंटेलमध्ये आय५- च्या पुढे ७२०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी, १०२१० म्हणजे दहावी. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा पुढची लागते (सातवीतले मोजके अपवाद आहेत, ते आपल्या घरात नसतात), एएमडीत साधारण रायझन २००० पासून पुढे. वर टीपीएम २.० (पासवर्ड-किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सेटिंग). मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं ॲप हे सगळं तपासून सांगतं. पण एक गंमत आहे, बऱ्याच असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर प्रोसेसर चांगला नवा असतो तरी हे ॲप नाही म्हणतं, कारण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, टीपीएम बंद असतं. इंटेल बोर्डवर ते पीटीटी नावाने सापडतं, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू केलं की झालं, विंडोज ११ फुकटात मिळतं आणि तुम्हाला पुढचं काही वाचायची गरज नाही.

बाकीच्यांनी पुढे वाचा, पण काहीही ठरवायच्या आधी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क टाका. टास्क मॅनेजर उघडून बघा, नुसतं चालू केल्यावर डिस्क १०० टक्के दिसत असेल तर तुमचा लॅपटॉप म्हातारा झालेला नाही, डिस्क म्हातारी झालीय. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, जुनी फिरणारी जेमतेम १०० च्या आसपास, आणि खरा फरक तर बारीक बारीक फायली वाचताना पडतो, तिथे तुलनाच नाही. मावशीच्या लॅपटॉपच्या पाठीला अकरा स्क्रू होते, दोन आखूड, बाकी लांब. मी कोऱ्या कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढतो आणि जिथला स्क्रू तिथे भोसकून ठेवतो, नाहीतर लांब स्क्रू आखूड जागी घातला की वरच्या बाजूला टेंगूळ येतं, हे अनुभवाचे बोल आहेत. नवीन एसएसडीवर विंडोज १० परत टाकलं तर की विचारल्यावर स्किप करा, डिजिटल लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं असतं, नेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. दुकानदार याचे वेगळे पैसे मागत असेल तर हसून नको म्हणा. रॅम ४ ची ८ केलीत तर उत्तमच, पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे दुकानात जुनी काढलेली स्टिक मिळते का विचारा, चालते.

आता खरी तुलना.

विंडोज १० तसंच ठेवून ईएसयू घेणं. एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फक्त सिक्युरिटीचे अपडेट. ३० डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट द्या, किंवा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचं बॅकअप चालू करा, मग फुकट. एका अकाउंटवर १० मशीनपर्यंत चालतं. मशीनवर २२एच२ व्हर्जन पाहिजे. विंडोज अपडेटच्या पानावर एनरोलची लिंक दिसते, दोन मिनिटांचं काम आहे. खोच एवढीच की बॅकअप म्हटल्यावर लोक डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो सगळं वनड्राइव्हला लावून मोकळे होतात, फुकटची जागा ५ जीबी, ती एका लग्नाच्या फोटोंत भरते, आणि तुमचा मेल आउटलुक डॉट कॉमचा असेल तर जागा भरल्यावर मेल येणं-जाणंच थांबतं. बॅकअप फक्त सेटिंग्जचं ठेवा, फोल्डरचे स्विच बंद. काकांसाठी आणि चिरंजीवांसाठी हा पर्याय बिनतोड, कारण टॅली, टोकन, व्हॅलोरंट, कशालाच धक्का लागत नाही. फक्त ही मुदतवाढ आहे, तोडगा नाही.

जुन्या मशीनवर विंडोज ११ घुसवणं. रुफस नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने असा पेन ड्राइव्ह बनतो जो प्रोसेसर आणि टीपीएमची तपासणी गाळून टाकतो. होतं, चालतं, मी करून दिलंय. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी देत नाही, आणि मोठं वार्षिक व्हर्जन आलं की सगळा खटाटोप परत हाताने. आणि गेमवाल्यांनी हे वाचाच: विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू नसेल तर व्हॅलोरंट उघडतच नाही, त्याचं व्हॅनगार्ड (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) दारातूनच परत पाठवतं. म्हणजे टीपीएम नसलेल्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज १० असताना जो गेम चालत होता तो विंडोज ११ घुसवल्यावर गेला. पोरगा तुमच्याशी आठवडाभर बोलणार नाही.

लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. माझा जीव इथे आहे, त्यामुळे थोडं जपून वाचा. फुकट, २२ नंबरचं व्हर्जन २०२९ पर्यंत अपडेट देतं, आणि दिसायला विंडोजसारखंच, खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. त्याचे वेगवेगळे अवतार मिळतात, ४ जीबी रॅमवर हलकं एक्सएफसीई वालं घ्या, ८ असेल तर सिनॅमन. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे डिस्कला हातही न लावता पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. वायफाय पकडतो का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, हे तीन बघा. प्रिंटरचं आधी बघा, काही जुन्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर लिनक्सवर डोक्याला ताप आहेत. मराठीसाठी कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आहे आणि कागप फोनेटिकही आहे, म्हणजे के दाबलं की क. मावशीला विंडोजच्या मराठी फोनेटिकची सवय होती, तिथे शब्द इंग्रजीत लिहिला की मराठी पर्याय दिसतात, कागपमध्ये तसं नाही, जोडाक्षर आपण हाताने जोडायचं. दोन दिवस चिडली, मग बसला हात. पण तुमच्याकडे श्रीलिपीतल्या (युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधल्या) जुन्या फायली असतील तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका, त्या उघडल्यावर अक्षरांच्या जागी चिन्हांची जत्रा दिसते.

गेमचं काय? स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले स्टोरीवाले गेम प्रोटॉनमुळे (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन) बरेचसे चालतात, प्रोटॉनडीबी साइटवर नाव टाकून आधी बघून घ्या. काउंटर स्ट्राइक २ आणि डोटा २ तर थेट लिनक्सवरच आहेत. अडतं कुठे, तर ऑनलाइन गेमच्या अँटी-चीटपाशी. व्हॅलोरंट नाही, फोर्टनाइट नाही. जीटीए ५ एकट्याने खेळा, ऑनलाइन विसरा. आणि काकांसाठी तर नकोच, टॅली विंडोजचंच आहे, आणि सिग्नेचरचं टोकन, त्याचा ड्रायव्हर, साइन करायचं सॉफ्टवेअर ही सगळी वरात लिनक्सवर जमवणारे पठ्ठे आहेत, पण २० तारखेच्या संध्याकाळी जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायचं असताना तो प्रयोग करायला मी काकांना सांगणार नाही.

क्रोमओएस फ्लेक्सबद्दल लोक विचारतात. गुगलचं आहे, फुकट आहे, ४ जीबीवर पळतं. पण प्ले स्टोअर नाही, म्हणजे मोबाइलची ॲप चालणार नाहीत, आणि विंडोजच्या शेजारी ठेवता येत नाही, टाकलं की अख्खी डिस्क साफ. आजीला यूट्यूब आणि व्हॉट्सॲप वेबसाठी ठीक. पुढे.

सेकंडहँड. हा पर्याय लोक उगाच कमी समजतात. ऑफिसांनी काढून टाकलेले थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५, हे आठव्या पिढीत मिळतात आणि विंडोज ११ रीतसर चालतं. आठवीत अजून एक फायदा, त्या ७२००यू मध्ये दोन कोअर होते, ८२५०यू मध्ये चार. घेताना डोळे उघडे ठेवा, टी४७० आणि टी४८० शेजारी ठेवले तर नवख्याला फरक कळत नाही, पण टी४७० सातव्या-सहाव्या पिढीचा, म्हणजे परत तीच रड. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काकांबरोबर गेलो तेव्हा तीन गोष्टी केल्या. स्टार्टला बायोसमध्ये शिरून बघितलं, पासवर्ड मागितला तर ते मशीन खाली ठेवायचं, आधीच्या कंपनीचं कुलूप असतं. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट (अर्थात इंग्रजीत टाईप करून), त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी बघायची, दुसरी पहिलीच्या निम्म्यावर आली असेल तर बॅटरीचे पैसे भावातून कापून मागायचे. आणि नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दाबलं. दुकानदार वैतागला, पण भाव उतरला. पक्कं बिल मागा, वॉरंटी लिहून घ्या.

नवीन घ्यायचा असेल तर घ्या, पण १६ जीबीच घ्या, आणि रॅम बोर्डला चिकटवलेली आहे की बदलता येते हे आधी विचारा. रॅम महागल्यामुळे हे दिवस नवीन घ्यायला तसे वाईटच आहेत, म्हणून माझा कल वर्षभर ढकलण्याकडे.

यातलं काहीही करा, मेलचं आधी बघा. काही वर्षांपूर्वी मी काकांचा जुना कॉम्प्युटर उत्साहाने फॉरमॅट केला आणि त्यांचे सहा वर्षांचे मेल गेले, कारण आउटलुकमध्ये अकाउंट पॉप३ वर होतं, मेल उतरवून सर्व्हरवरून पुसून टाकायचं सेटिंग होतं, आणि मला वाटलं मेल तर इंटरनेटवरच असतात. काका काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तर अकाउंट सेटिंग्जमध्ये बघा, आयमॅप लिहिलेलं असेल तर मेल सर्व्हरवर आहेत, पॉप असेल तर ते या मशीनवरच आहेत असं धरून चाला आणि आउटलुक ज्यात मेल साठवतं ती पीएसटी फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्याहून चांगलं म्हणजे तेच अकाउंट किंवा एखादं जीमेल आयमॅपने जोडा आणि जुने फोल्डर ओढून त्यात टाका, रात्रभर चढत राहतील, मग पुढे विंडोज असो की मिंट, थंडरबर्ड या मेलच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सगळं दिसतं. जीमेलची १५ जीबी आधीच भरलेली असेल तर सर्चमध्ये इंग्रजीत लार्जर, कोलन, १०एम टाका, दहा एमबीच्या वरचे मेल समोर येतात. काकांकडे त्यात निम्मे त्यांनीच स्वतःला पाठवलेले स्कॅन निघाले.

मावशीकडे शेवटी असं ठरलं: काकांना टी४८०, त्यावर टॅली आणि टोकन, आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. जुन्याला एसएसडी, ८ जीबी आणि ईएसयू. त्यावर विंडोज १० च्या शेजारी मिंटही टाकलंय, चालू करताना विचारतं कुठलं पाहिजे, मावशी मिंट निवडते आणि चिरंजीव विंडोज. ऑक्टोबर २०२६ नंतर विंडोजवाला भाग नेटवर न्यायचा नाही असं मी सांगितलं तेव्हा पोराने विचारलं, मग व्हॅलोरंटचं काय? काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तेव्हा तुझी दहावी आहे."