पीव्हीएस-४ नाइट व्हिजन स्कोप: काही महिने वापरल्यावर, आणि एक विकल्यावर

जुना मिलिटरी नाइट व्हिजन घेताना बाहेरच्या बॉडीवर जाऊ नका, पैसे आपण आतल्या ट्यूबचे मोजतो, म्हणजे अंधुक उजेड कैक पटींनी वाढवून दाखवणाऱ्या भागाचे. मी ॲरिझोनात असतो, एएन/पीव्हीएस-४, म्हणजे अमेरिकन लष्कराचा रायफलवर लावायचा जुना स्कोप, बरेच महिने वापरतोय, पण रायफलवर वगैरे नाही, ट्रायपॉडवर लावून आकाश बघायला. असाच दुसरा एक पीस होता तो नुकताच विकला, त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगू शकतो.

आधी ओळख, कारण जाहिरातींमध्ये सरसकट सगळ्यालाच 'स्टारलाइट' लिहून टाकतात. व्हिएतनामच्या लढाईतला स्टारलाइट म्हणजे पीव्हीएस-२, फर्स्ट जनरेशन, आत एकामागे एक तीन टप्प्यांची ट्यूब, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, कडेला चित्र वाकडं दिसतं आणि दिवा हलला की मागे उजेडाचं शेपूट राहतं. पीव्हीएस-४ हा त्याच्या नंतरचा, सेकंड जनरेशन, २५ एमएमची एकच ट्यूब आणि तिच्यात मायक्रोचॅनल प्लेट, म्हणजे अतिबारीक काचेच्या नळ्यांची चकती, एक इलेक्ट्रॉन आत शिरला की भिंतींवर आपटत आपटत हजारो होऊन बाहेर पडतात. मॅग्निफिकेशन ३.६ पट, वजन पावणेदोन किलोच्या जवळपास.

बॉडीवरची प्लेट नीट वाचा. स्टॉक नंबर ५८५५ ने सुरू होतो, तो नाइट व्हिजनचा वर्ग. कॉन्ट्रॅक्ट नंबर डीएएबी०७ ने सुरू होत असेल तर त्यापुढचे दोन आकडे म्हणजे कॉन्ट्रॅक्टचं आर्थिक वर्ष. पण ते वर्ष बॉडीचं, ट्यूब मधे कधीतरी बदललेली असू शकते, म्हणून ट्यूबच्या लेबलचा वेगळा फोटो मागायचाच, एमएक्स-९६४४ हा ट्यूबचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर दिसला पाहिजे. 'आत थर्ड जनरेशन टाकलंय' असं कुणी म्हणालं तर तेही लेबलवरूनच ठरवा, नुसत्या तोंडी शब्दावर जास्तीचे पैसे देऊ नका. आणि प्लेट खरवडून काढलेली असेल तर विषय तिथेच संपवा, सरकारी माल चोरीचाही असू शकतो.

मग अंधाऱ्या खोलीत चालू करून बघायचं, पुढचं बारीक भोकाचं रबरी कव्हर लावूनच. बारीक काळे ठिपके जुन्या ट्यूबला असणारच, मधोमध नसले म्हणजे झालं. भोकसुद्धा बोटाने झाकलं तरी एखादा ठिपका चमकतच राहिला तर ती ट्यूबचीच खोट, किंमत पाडून मागा. सगळ्यात वाईट म्हणजे कडेची काळी सावली. डोळा थोडा इकडेतिकडे करून बघा, सावली डोळ्याबरोबर सरकली तर काळजी नाही, पण जागची हलली नाही आणि तिची कड धुरकट असेल तर ट्यूबमधला व्हॅक्यूम जातोय, ती सावली आत आत येत राहणार. असा पीस स्वस्तातही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वापराचं म्हणाल तर मी जाम खूश आहे. गावाबाहेर वाळवंटात अमावास्येच्या आसपास धनु राशीकडे लावला की डोळ्याला जिथे मोजके तारे दिसतात तिथे नुसता सडा पडलेला असतो. चित्रा आणि ज्येष्ठा साध्या डोळ्यांना साधारण सारख्याच तेजस्वी वाटतात, स्कोपमधून मात्र ज्येष्ठा भगभगीत आणि चित्रा फिकी, कारण ट्यूब लाल आणि त्यापलीकडचा न दिसणारा प्रकाशही पकडते आणि ज्येष्ठा त्याच प्रकाशाने भरलेली आहे, हे मी प्रत्येक पाहुण्याला दाखवतो. समोर हायड्रोजन-अल्फा फिल्टर (हायड्रोजनचा ठरावीक लाल प्रकाश तेवढा आत सोडणारी काच) धरला की लगून तेजोमेघ ढगासारखा वेगळा उठून दिसतो. तक्रारी दोनच, हातात धरून मनगट भरून येतं, आणि डोळ्याकडचं रबर वयाने कडक झालंय, चेहरा दाबल्याशिवाय त्याच्या पाकळ्या उघडत नाहीत. त्या पाकळ्या आहेत हिरवा उजेड चेहऱ्यावर पडू नये म्हणून, शत्रूला दिसतो ना तो! दोन डबल ए सेलवर चालतो, ठेवताना सेल काढून ठेवा.

विकताना मी आयपीसमधून काढलेले फोटो ठिपक्यांसकट टाकले, प्लेट आणि ट्यूबचं लेबल दाखवलं, त्यामुळे घासाघीस फार झाली नाही. इथले विकणारे सहसा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यालाच देतात आणि तसं लिहून घेतात, मीही घेतलं. लायसन्सशिवाय हा माल देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे, बॅगेतून नेणंसुद्धा एक्सपोर्टच. नाशिकचा मावसभाऊ म्हणाला, दादा, येताना एक घेऊन ये, त्याला सरळ नाही म्हटलं. २००७ मध्ये आयटीटीसारख्या नाइट व्हिजन बनवणाऱ्या बड्या कंपनीला याच प्रकारात गुन्हा कबूल करून १० कोटी डॉलरचा भुर्दंड बसला होता. परदेशातून कुणी 'डबल पैसे देतो, खेळणं म्हणून पार्सल कर' असा मेसेज केला, आणि असे मेसेज येतातच, तर उत्तर न देता ब्लॉक करा.