इन्सुलिनच्या कागदावरचा कोड : कन्नड पैकीच्या पैकी, मराठी काठावर पास

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मधुमेहाच्या दवाखान्याबद्दल लिहितोय. थोडी तक्रार पण आहे, म्हणून नाव देत नाही. तिथं इन्सुलिनचं पेन सुरू केलं की एक कागद देतात आणि त्यावर तीन क्यूआर कोड असतात : मराठी, कन्नड, हिंदी. फोन धरला की पेन कसं वापरायचं ते ऐकू येतं. वेगळे पैसे घेत नाहीत.

आमची आत्ती चिकोडीकडं दिलेली. मराठी छान बोलते, पण हिशेब, देवाचं आणि भांडण सगळं कन्नडमध्ये. त्यात मोतीबिंदू, त्यामुळं छापील कागद तिला काय उपयोगाचा?

कन्नड रेकॉर्डिंग ज्या बाईनं केलंय ती नक्की दवाखान्यात काम केलेली असणार. बारके बारके तुकडे आहेत, एकात एकच काम. सुई बसवायची, दोन युनिट हवेत सोडून औषध येतंय का बघायचं, बेंबीपासून दोन इंच सोडून टोचायचं, रोज जागा बदलायची. टोचायच्या तुकड्यात ती "बटण दाबून धरा" म्हणते आणि स्वतःच सावकाश मोजते, ओंदु, एरडु, मूरु... थेट हत्तु म्हणजे दहापर्यंत. आधी आत्ती बटण दाबलं की लगेच सुई उपसायची. पोटावर औषधाचा थेंब दिसायचा, म्हणजे डोस कमी पडायचा. आता फोन मांडीवर ठेवते आणि हत्तु आल्याशिवाय हात हलवत नाही. घरातली पोरंपण तिच्याबरोबर मोजतात.

मराठीचं मात्र एकच लांबलचक रेकॉर्डिंग. आधी संगीत, मग स्वागत, मग मधुमेह म्हणजे काय. वाचणारा गडी परिपत्रक वाचल्यासारखं वाचतो. रक्तातली साखर 70 च्या खाली गेली तर 15 ग्रॅम साखर घ्या आणि 15 मिनिटांनी परत तपासा, ही सगळ्यात गरजेची गोष्ट अगदी शेवटी! घाम फुटून हात कापायला लागलेला माणूस तोवर ऐकत बसणार होय? कागदावर नजर खाली उडी मारते, कानाला ते जमत नाही. आणि 15 ग्रॅम म्हणजे किती? कन्नडमध्ये सरळ सांगितलंय, लहान तीन चमचे साखर पाण्यात. मराठीत नुसते ग्रॅम.

हिंदी मी पूर्ण ऐकलं नाही. शिरोलीच्या फाउंड्रीतला एक पोरगा बाकावर स्पीकर लावून ऐकत होता, तेवढंच कानावर पडलं. (दवाखान्यानं एखादा इअरफोन ठेवावा. सगळ्या बाकाला आपली साखर कशाला कळायला पाहिजे?)

दुसरी अडचण नेटची. फाईल सेव्ह होत नाही. आत्तीच्या गावात रेंज येते-जाते. काउंटरवर विचारलं तर पोरगी म्हणाली, "काका, फक्त लिंकच आहे." शेवटी भाच्यानं एका फोनवर लावून दुसऱ्यावर रेकॉर्ड केलं. बटणाचा फोन असलेल्यानं काय करायचं? एक नंबर ठेवा, लावला की ऐकू येईल असा.

कन्नडला पाचपैकी पाच, मराठीला दोन. चिकोडी, निपाणी, संकेश्वरकडचं माणूस घेऊन जाणार असाल तर कागद मागून घ्या. गर्दीत द्यायचा राहतो.