स्टिकरखाली निघालं २०१७

आईबाबांना बँकॉकला नेण्याआधी मी यवतमाळच्या एका दुकानातून गाईडबुक आणि घडीचा नकाशा असा जोड १,४०० रुपयांना घेतला. बाबा रिटायर्ड मास्तर. नकाशावर बोट फिरवल्याशिवाय त्यांना गाव समजत नाही, मोबाइलवर तर भरवसाच नाही. कव्हरवर ‘नवी आवृत्ती २०२४’ होतं. “एकदम ताजा माल आहे भाऊ, बिनधास्त न्या,” दुकानदार म्हणाला. पण प्लास्टिक काही त्याने फोडू दिलं नाही. तिथेच मी उठायला पाहिजे होतं.

वाट फो हे देऊळ बघणं छान झालं. ४६ मीटर लांबीच्या पहुडलेल्या बुद्धापुढे बाबा कितीतरी वेळ हात जोडून उभे होते. संध्याकाळी चियांग माईची गाडी होती. पुस्तकात ठळक छापलं होतं, लांबच्या गाड्या हुआ लाम्फोंगवरून सुटतात. तिकिटावर ‘क्रुंग थेप अफिवत’. आता क्रुंग थेप म्हणजे थाई भाषेत बँकॉकच, म्हणून शंका आली नाही. स्टेशनवर खिडकीतल्या बाईने तिकीट बघितलं आणि मान हलवली. जानेवारी २०२३ पासून या गाड्या बांग सूजवळच्या नव्या स्टेशनवरून सुटतात, क्रुंग थेप अफिवत ते हेच. बॅगा ओढत मेट्रोने तिकडे पोचलो तोवर गाडी गेली होती. तीन बर्थचे पैसे बुडाले. आईचे गुडघे आधीच दुखत होते, त्यात रात्री हॉटेल शोधत फिरावं लागलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

बाकावर बसून बाबांनी कव्हरवरचं साल नखाने खरवडलं. स्टिकर निघालं, खाली २०१७. आतलं छपाईचं साल असलेलं पान ब्लेडने कापलेलं. शिवणीत फक्त बोटभर पट्टी उरली होती.

म्हणून सांगतो, पुस्तक फोडूनच बघा आणि ते पान आहे की नाही ते तपासा. बँकॉकचा नकाशा असेल तर मेट्रोची निळी लाइन बघा. आमच्या नकाशात ती हुआ लाम्फोंगला संपत होती. खरं तर २०१९ मध्येच ती पुढे गेली. २०२३ ला सुरू झालेली पिवळी लाइन तर त्यात नव्हतीच.

परत आल्यावर पुस्तक घेऊन दुकानात गेलो. “नागपूरहून असंच येते, मी काय करू,” म्हणाला. पैसे दिले नाहीत. समोरच्या रॅकवर तसेच स्टिकर लावलेले सिंगापूर आणि दुबईचे जोड अजून ठेवलेले होते.