कानातले यंत्र की कानामागचे?

मालवणच्या बंदरावर मासळीच्या लिलावात बोली चुकू लागली, तेव्हा कुठे आमचे काका श्रवणयंत्राला राजी झाले; पण ‘लोकांच्या नजरेस पडेल ते नको’ ही अट कायम राहिली. म्हणून कानाच्या नळीत बसणारे, जवळजवळ न दिसणारे यंत्र आणि कानामागे अडकवायचे चार्जिंगचे यंत्र यांची तुलना करावी लागली.

लपण्यात पहिले सरस आहे, यात वाद नाही. मात्र त्याचा 10 नंबरचा सेल बहुधा आठवडाभरही पुरत नाही, आणि त्यावरची पिवळी पट्टी सोलून तो इवल्या कप्प्यात बसवणे काकांच्या जाळी विणून राठ झालेल्या बोटांना जमेना. दोनदा तो अंगणातल्या चिऱ्यांच्या फटीत गेला. कानामागचे यंत्र रात्री पेटीत ठेवले की दिवसभर चालते, फक्त पावसात वीज गेल्यास पॉवर बँक हाताशी हवी.

दमट हवा आणि घाम दोन्ही यंत्रांना बाधतात. कानातल्याचे छिद्र शिवाय मळाने वरचेवर बुजते. किंमत आकारापेक्षा आतल्या तंत्रावर ठरते, त्यामुळे तिच्यावरून निवड करू नये.

बहिरेपण सौम्य ते मध्यम, बोटे चपळ आणि संकोच खरोखरच मोठा असेल, तर कानातले घ्यावे. ऐकू येणे बरेच कमी झालेल्यांना, थरथरत्या हातांच्या माणसांना आणि कान वाहणाऱ्यांना, अर्थात तपासणीनंतरच, कानामागचे सोयीचे पडते. काकांनी तेच घेतले. टोपीखाली ते तसेही दिसत नाही.