वर्षाचा निकाल की अधूनमधून बोलणं?

कर्मचाऱ्यांचं काम जोखायचं कसं? जॅक वेल्श प्रमुख असताना जनरल इलेक्ट्रिक कंपनीत दरवर्षी २०-७०-१० चा हिशेब असे: वरच्या २० टक्के कर्मचाऱ्यांना घसघशीत बक्षिसी, तळाच्या १० टक्क्यांना नारळ. कामचुकारांना चाप बसतो, हे खरं. पण सगळी टीमच चांगली असली तरी कुणाला तरी तळाला टाकावंच लागतं; मग शेजारच्या टेबलावरचा अडला तर मदतीला कोण उठेल? मायक्रोसॉफ्टने अशी क्रमवारी २०१३ मध्ये सोडली.

अ‍ॅडोबीने २०१२ मध्येच वार्षिक मूल्यमापन बंद करून ‘चेक-इन’, म्हणजे साहेब आणि कर्मचारी यांचं वर्षभर अधूनमधून कामाबद्दल बोलणं, सुरू केलं. चूक मार्चपर्यंत फायलीत मुरत नाही, वेळीच कळते. मात्र साहेबाला तोंडावर, नीट बोलता यायला हवं. आपल्याकडे गाडी तिथेच अडते: ‘बाकी सगळं ठीक ना?’ विचारलं, चहा संपला, मीटिंगही संपली. तरी माझं मत दुसऱ्यालाच.